कुरुळीच्या दवाखान्यावरचा माझा प्रबंध

बी.ए. झाल्यावर मला नोकरी लागली ती दवाखान्यांच्या खात्यात, चिंचवडच्या कचेरीत, कारकुनाची. भोसरीपासून चाकणच्या पुढपर्यंतचे लहानमोठे दवाखाने आमच्या कचेरीखाली येत. कुठे किती औषध खपलं, किती रोगी आले, कुठला कंपाउंडर रजेवर आहे, कुठल्या छपराला कौलं हवीत, हे सगळे कागद माझ्या टेबलावरून पुढे जायचे. रोगी मात्र मी क्वचितच पाहायचो. माझ्या लेखी रोगी म्हणजे महिन्याच्या तक्त्यातला एक आकडा.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता, निर्वासितांच्या छावणीत दुकानं लागली होती, आणि शिकलेल्या माणसाला आता पुढे सरकता येईल असं सगळ्यांनाच वाटत होतं. मलाही वाटत होतं. त्याच सुमारास पुण्यात नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचा वर्ग निघाला. पदवीनंतरचा, दोन वर्षांचा, विषय सार्वजनिक कारभार. दुसऱ्या वर्षी एक शाखा निवडून प्रबंध लिहायचा, आणि त्या शाखांमध्ये दवाखाने आणि इस्पितळं यांचा कारभार ही एक होती. मी अर्ज केला तेव्हा आमचे साहेब म्हणाले, "शिका, शिका. खात्याला असा माणूस हवाच आहे." त्यांनी कचेरीतले जुने कागद वापरायची लेखी परवानगी दिली. अट एकच, प्रबंधाची एक प्रत खात्याकडे द्यायची.

आठवड्यातून चार दिवस कचेरी सुटली की मी धावत स्टेशन गाठायचो आणि पुण्याची पॅसेंजर पकडायचो. वर्गात सगळे माझ्यासारखेच, दिवसभर खुर्ची झिजवून आलेले. एक रेल्वेतला होता, दोन शाळामास्तर होते, एकजण पिंपरीच्या कारखान्यात मजुरांचे अर्ज पाहायचा. हा कारखान्यातला माझ्या बाकावर बसायचा. पहिल्या तासाला डुलक्या काढायचा आणि दुसऱ्या तासाला माझ्या वहीतून उतरवून घ्यायचा.

माझी बायको मोशीची, सातवी पास. मुलगी तेव्हा वर्षाचीही नव्हती. ती पहिलं पाऊल टाकायला शिकली त्या संध्याकाळी मी वर्गात अंदाजपत्रकाची तत्त्वं ऐकत होतो. घरी आलो तर ती झोपलेली. बायको म्हणाली, "उद्या दाखवते हं चालून." आवाजात तक्रार नव्हती. तिनं तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं. पहाटे उठून मी अभ्यास करायचो तेव्हा ती माझ्याआधी उठून चुलीवर पाणी ठेवायची. प्रबंधाचे तक्ते आखायचं कामही तिनंच केलं. मला सरळ रेघ जमत नसे. ती पाटावर कागद ठेवून, पट्टी धरून, टाकानं अशा रेघा ओढायची की छापल्यासारख्या वाटाव्यात.

प्रबंधाचा विषय मी घेतला तो आमच्याच लहान दवाखान्यांचा. कुठला दवाखाना किती रोग्यांच्या उपयोगी पडतो आणि त्यावर माणूस नि औषध किती लागतं, याची तुलना. गेल्या दोन वर्षांच्या नोंदी काढल्या. चाकणच्या दवाखान्यात रांगा, आणि एकटा कंपाउंडर. तिथून चार-पाच मैलांवर कुरुळीला एक पोटदवाखाना, चावडीच्या मागच्या दोन खोल्यांत. तिथेही एक कंपाउंडर, पण रोगी दिवसाला सहा-सात. डॉक्टर आठवड्यातून एकदा चाकणहून जायचे. माझ्या तक्त्यात कुरुळी अगदी तळाला गेली.

निष्कर्ष आपोआप समोर आला. कुरुळीचा दवाखाना बंद करावा, तिथला कंपाउंडर चाकणला द्यावा, म्हणजे तेवढ्याच माणसांत जास्त रोग्यांची सोय होईल. आमचे प्राध्यापक निवृत्त अधिकारी होते, बोलायला मोजके. त्यांनी कच्चा मसुदा वाचला आणि म्हणाले, "छान. निष्कर्ष स्वच्छ आहे. बहुतेक जण प्रबंधाच्या शेवटी 'अधिक विचार व्हावा' असं लिहून सुटतात. तुम्ही काहीतरी करायला सांगताय." त्यानंतर चार दिवस मी जमिनीवर नव्हतो. मी निघताना ते एवढंच म्हणाले होते, "एकदा जाऊन बघून या मात्र. दवाखाना न पाहता दवाखान्यावर लिहिलं असं कुणी म्हणायला नको."

म्हणून मी गेलो.

एका शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि सायकलवर भोसरी, मोशी करत, इंद्रायणी ओलांडून कुरुळीला पोचलो. दवाखान्याच्या ओट्यावर माणसं बसली होती. आत कंपाउंडर होते, पन्नाशी उलटलेले, चाकणच्या एका मुसलमान घरातले, पांढरा लेंगा-सदरा आणि डोक्याला काळी टोपी. दवाखान्यामागच्या पडवीतच ते एकटे राहत. सारं गाव त्यांना चाचा म्हणायचं. मी कचेरीतून आलो म्हणताच त्यांनी बाक पुसून दिला.

"बसा कारकूनसाहेब. एवढी पोरं उरकतो अन् चहा टाकतो."

मी बाकावर बसून पाहू लागलो. एका पोराचा कान वाहत होता. चाचांनी हात साबणानं धुतले, काडीला कापूस गुंडाळला, कान पुसला, थेंब सोडले. मग पुन्हा हात धुतले. एका म्हातारीच्या पायाची जखम सोडवून पुन्हा बांधली. मग डोळे आलेली पोरं, एकामागून एक. कोमट पाण्यात बोरिकची चिमूट, कापसाचा बोळा, आणि पोराच्या आईला दटावणी, "पदरानं पुसू नगंस म्हनून किती वेळा सांगू?" प्रत्येक पोरानंतर हात धुणं चालूच. माझ्याही नकळत मी मोजू लागलो. तासाभरात तेवीस माणसं झाली. नोंदवही टेबलावर मिटलेली होती. बाटली घेऊन आलेल्या चौघांना मिक्श्चर दिलं तेव्हा ती उघडली, चार नावं लिहिली आणि पुन्हा मिटली.

चहा पिताना मी विचारलं, "चाचा, बाकीच्यांची नोंद?"

"डोळं धुतलं त्याची काय नोंद करायची साहेब? पानी हिरीचं. कापूस आमीच उकळून परत वापरतो. औषध सुटलं तरच नोंद, असा वरचा हुकूम हाय न्हवं का?"

तसा हुकूम होता. दोन वर्षांपूर्वी ते पत्रक निघालं तेव्हा त्याच्या प्रती मीच काढल्या होत्या. औषधांचा हिशेब आणि नोंदवही जुळावी म्हणून, ज्याला औषध दिलं त्याचंच नाव लिहावं. चाकणला नव्यानं आलेल्या प्रत्येकाला बाटली मिळायची, म्हणून तिथली नोंद भरलेली. कुरुळीला लोक यायचे ते धुवायला, पुसायला, बांधायला. त्यांचं कागदावर नावच नव्हतं.

परत येताना मोशीच्या चढावर सायकल हातात धरून मी चालत होतो, आणि मला सगळं स्पष्ट दिसत होतं. माझा तक्ता चुकीचा होता. बेरीज बरोबर होती, पण तो रोगी मोजत नव्हता, बाटल्या मोजत होता.

प्रबंध द्यायला तेव्हा तीन आठवडे उरले होते. टंकलेखकाकडे अर्धा मजकूर गेला होता. आता बदलायचा म्हणजे प्रत्येक दवाखान्यात जाऊन बसायचं, नव्यानं मोजायचं, म्हणजे आणखी एक वर्ष. आणखी एक वर्ष पॅसेंजर, आणखी एक वर्ष मुलगी झोपल्यावर घरी. असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच्याखाली दुसरंही काही होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. 'निष्कर्ष स्वच्छ आहे' हे शब्द मला सोडवत नव्हते.

बाकावरच्या सोबत्याला मी आडून विचारलं, की एखादी गोष्ट नोंदीत नसली पण आपण पाहिली असली तर काय करावं? तो हसला. "राव, प्रबंध खरा नसला तरी चालतो, पुरा असला म्हणजे झालं. आपल्याला परत नोकरीवर जायचंय."

मी त्याच्यावर काहीच ढकलत नाही. मला जे ऐकायचं होतं तेच सांगेल अशा माणसाला मी विचारलं होतं, एवढंच.

शेवटचा तक्ता आखताना बायकोनं कुरुळीचं नाव पाहिलं. इंग्रजी तिला लावून लावून वाचता येई.

"कुरुळी एवढी खाली कशी?" ती म्हणाली. "माझी मावसबहीण तिथंच दिलीय ना. ती तर सांगते, चाचांकडे पोरांची जत्रा असते सकाळी."

"नोंदीत जे आहे ते लिहायचं असतं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि रेघ पुरी केली. मी शिकलेला होतो, मला माहीत असणार, असं तिला वाटलं असेल.

तोंडी परीक्षेला दोघे परीक्षक होते. त्यातल्या एका वयस्क डॉक्टरांनी प्रबंध बराच चाळला होता. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "कुरुळीला स्वतः गेला होता?"

"हो सर."

"नोंदवहीत आहेत तेवढेच रोगी येतात?"

खोलीत पंखा फिरत होता. आमचे प्राध्यापक माझ्याकडे कौतुकानं पाहत होते. मी म्हणालो, "हो सर. साधारण तेवढेच."

'साधारण' हा शब्द मी मुद्दाम घातला. पुढे कुणी पकडलंच तर पळायला वाट असावी म्हणून. डॉक्टरांनी मान डोलावली आणि पान उलटलं.

मी पहिल्या वर्गात पास झालो. आमच्या साहेबांनी सगळ्या कचेरीला चहा पाजला आणि महिन्याभरात मला दवाखान्यांचा निरीक्षक केलं. प्रबंधाची प्रत त्यांनी घरी नेऊन वाचली होती. माझ्या नव्या टेबलावर जे पहिले कागद आले त्यात कुरुळीचा पोटदवाखाना बंद करण्याचा हुकूम होता. वर लिहिलं होतं, निरीक्षकांच्या शिफारशीस अनुसरून.

चाचा बदलीचा कागद घ्यायला चिंचवडला आले. माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"पास झालात म्हनं. लई बरं झालं," ते म्हणाले. कागद चार घड्या करून खिशात ठेवला आणि गेले. मी त्यांच्या पाठीकडे पाहत राहिलो. उठून हाक मारायला कारणं बरीच होती. मी मारली नाही.

हे झालं पावसाळ्यात. पुढच्या चैत्रात एक दिवस मी कचेरीतून घरी आलो तर दारात बायकोची मावसबहीण बसलेली. मांडीवर सहा वर्षांची मुलगी, तिच्या डोळ्यांवर ओला फडका.

"दाजी, तुमी दवाखान्याचं सायेब हाय. हिला पुन्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा," ती म्हणाली. "डोळं आलं व्हतं. सगळ्याच पोरास्नी आलं. बाकीच्यांचं गेलं, हिचं न्हाई गेलं."

मी फडका काढून पाहिलं. उजवा डोळा लाल होता, पण उघडत होता. डाव्यात बुबुळावर पांढरं आलं होतं. मुलगी रडत नव्हती. उजेडाकडे पाठ करून आईच्या कुशीत तोंड खुपसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही चौघं पुण्याला गेलो. आमच्या मुलीला शेजारी ठेवलं. इस्पितळात तरुण डॉक्टर होते, त्यांनी बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं.

"फूल पडलंय," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "उजवा वाचेल. डाव्यात आता उजेड-अंधार कळेल, तेवढंच. आठ-दहा दिवस आधी आणायला काय झालं होतं? मोठं औषध नकोच होतं. रोज कुणी नीट धुऊन थेंब घातले असते तरी इथवर आलं नसतं."

परतीच्या गाडीत मुलगी झोपली. तिची आई खिडकीबाहेर पाहत हळू आवाजात सांगत होती, बायकोला, आणि ऐकू मला येत होतं.

"चाकनला नेली की एकदा. इतकी गर्दी. थेंब दिलं, रोज या म्हनाले. रोज कशी जाऊ गं? आमचं ज्वारीचं खळं चालू. मग शेजारनीनं सांगितलं त्ये घातलं डोळ्यात. चाचा असता तर घराम्होरं येऊन धुऊन गेला असता. कुनी बंद केला त्यो दवाखाना, काय म्हाईत. वरून हुकूम आला म्हनं."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिनं तो तक्ता आखला होता. मी पायाशी ठेवलेल्या पिशवीचे बंद सोडत आणि बांधत राहिलो.

बहीण आमच्याकडे चार दिवस राहिली. ती विहिरीवर गेलेली असताना बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुम्ही लिहिलं होतं ना ते? बंद करा म्हणून?"

"हो."

"आणि तुम्ही गेला होता तिथं. पाहिलं होतं."

"हो."

तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "तिला सांगू नका. मला बहीण म्हणून ती एकच आहे." आणि भाकरीच्या पिठात पाणी घालायला वळली. पुढे आयुष्यभर तिनं हा विषय काढला नाही. माझं पाप लपवायला मी तिलाही जुंपलं होतं, आणि तेही तिच्या माहेरच्या माणसांपासून.

मग मी चाकणला गेलो. चाचा दवाखान्यामागच्या अंगणात बाटल्या धूत बसले होते. कंपाउंडरच्या हाताखाली त्यांना दिलं होतं. चाकणला नवा, शिकलेला कंपाउंडर आला होता, आणि चाचांकडे बाटल्या, कापूस, औषधांची खोकी. मी शेजारच्या दगडावर बसलो.

"चाचा, एक सांगायचंय. कुरुळीचा दवाखाना माझ्या लिहिण्यानं बंद झाला."

"ठावं हाय मला."

"पण मी त्या दिवशी पाहिलं होतं. तेवीस माणसं होती. मी ते लिहिलं नाही."

त्यांनी हातातली बाटली उजेडात धरून पाहिली, खाली ठेवली. "त्ये बी ठावं हाय. तुमी बाकावर बसला व्हता, तुमचं ओठ हलत व्हतं. मी म्हटलं, साहेब मोजतायत. इतकी वर्सं काम केलं, कुनी येऊन मोजलं नव्हतं. लई बरं वाटलं बघा त्या दिवशी मला. म्हटलं, आता कागदावर येईल."

मी म्हणालो, "मला माफ करा चाचा. तिथल्या एका पोरीचा डोळा गेला."

"माझं काय? मी हितं सावलीत बसून काम करतोय. पन त्या पोरीच्या डोळ्याची माफी मी कशी देऊ? ती माझ्याकडं न्हाई." ते रागावून बोलत नव्हते. एखाद्याला औषध कधी घ्यायचं ते सांगावं तसं सांगत होते. मग म्हणाले, "तुमी आता निरीक्षक झालाय न्हवं? मग रडताय काय. उघडा की परत."

त्याच आठवड्यात मी टिपण लिहिलं आणि साहेबांच्या हातात नेऊन दिलं. कुरुळीला नोंदीबाहेरचे रोगी पुष्कळ होते, मी ते स्वतः पाहिले होते, प्रबंधात ते मुद्दाम घातले नाहीत, सबब दवाखाना पुन्हा उघडावा. साहेबांनी वाचलं, उठून दार लावून घेतलं.

"हे काय लिहिलंय?"

"खरं आहे ते, साहेब."

"खरं असेल. पण हे फाइलला लागलं तर तुमची पदवी जाईल, नोकरी जाईल, आणि हुकूम माझ्या सहीचा आहे, तेव्हा मलाही उत्तर द्यावं लागेल. घरी लहान मूल आहे ना तुम्हाला?" त्यांनी कागद टेबलाच्या खणात टाकला. "मी हा पाहिला नाही. तुम्ही दिला नाही."

त्यांच्यावरही अधिकारी होते. मला त्यांच्याकडे जाता आलं असतं. मी दुसरी प्रत काढून ठेवली होती, ती बरेच दिवस कोटाच्या आतल्या खिशात घेऊन हिंडलो. धोब्याकडे कोट द्यायच्या दिवशी बायकोनं ती काढून माझ्या हातात दिली. मी ती फाडली.

माझ्या हाती जेवढं होतं तेवढं मग केलं. निरीक्षक म्हणून मला पत्रक बदलता येत होतं. औषध दिलं असो वा नसो, दवाखान्यात जो येईल त्याचं नाव लिहावं, असं नवं पत्रक मी काढलं. कंपाउंडर कुरकुरले, काम वाढलं म्हणाले. वर्षभरात भोसरीचे, आळंदीकडचे आकडे बदलू लागले, आणि त्या आकड्यांच्या आधारानं मी कुरुळीसाठी मागणी केली. माझी चूक न सांगता, वाढत्या वस्तीचं कारण देऊन. दीड वर्षं कागद फिरला. शेवटी आठवड्यातून दोन दिवस कंपाउंडरनं चावडीत बसावं अशी मंजुरी आली. रोजचा दवाखाना मी खात्यात असेपर्यंत तिथे झाला नाही. चाचा तोवर सेवेतून निवृत्त होऊन भावाच्या सायकलच्या दुकानात बसायला लागले होते. मंजुरी सांगायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठलं दोन दिवस?" मी सांगितलं. "पोराचा डोळा दोन दिवस बघून यायचा न्हाई साहेब," ते म्हणाले, आणि माझ्या सायकलच्या चाकात हवा भरून दिली.

त्या मुलीला आम्ही शाळेसाठी चिंचवडला आणलं. ती सात वर्षं आमच्या घरात राहिली, आमची मुलगी तिच्या पाठोपाठ अभ्यासाला बसायची. डाव्या बाजूनं कुणी आलं की दचकायची. पाणी ओतताना पेल्याच्या बाहेर सांडायची आणि आपणच पुसून घ्यायची. मला काका म्हणायची. तिची आई सणाला यायची, माझ्या पाया पडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्या दाजींनी पोरीसाठी केलं तेवढं सख्ख्या बापानं केलं नसतं." बायको तेव्हा उठून आत जायची. मी जागेवर बसून ते ऐकून घ्यायचो. तेवढं तरी ऐकायलाच हवं, असं मला वाटे. नंतर ती मुलगी शाळेत बाई झाली, निघोज्याला तिचं लग्न झालं, दोन मुलं झाली. ती चांगली जगली. पण ती चांगली जगली ती स्वतःच्या हिमतीवर. माझ्या खात्यावर मी ते कधी मांडलं नाही.

त्या संध्याकाळच्या वर्गात पुढे मला शिकवायला बोलावलं. नोकरी करणारे तेच थकलेले चेहरे, टिफिनचे डबे बाकाखाली. दवाखान्यांच्या नोंदींवर बोलताना मी त्यांना कुरुळीची गोष्ट सांगितली. नोंदवही काय मोजते आणि काय सोडून देते, ते समजावून सांगायला त्याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नव्हतं. सगळं सांगितलं, बाटल्या, बोरिकचं पाणी, मुलीचा डोळा. फक्त प्रत्येक वेळी 'एका विद्यार्थ्यानं' असं म्हणालो.

मागच्या बाकावरच्या एका बाईंनी, त्या परिचारिका होत्या, विचारलं, "सर, त्या विद्यार्थ्याचं पुढे काय झालं?"

"पास झाला," मी म्हणालो. त्या थांबून राहिल्या, अजून काही येईल म्हणून. मी फळा पुसायला वळलो आणि पुढचा मुद्दा लिहायला घेतला.